पुढच्या सीटवरचं पोतं

ड्रायव्हरला लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी किती वाजता पोहोचणार, आणि घाटात भीती वाटत नाही का? पहिल्याचं उत्तर मला कधी खरं देता आलं नाही आणि दुसऱ्याचं मी कधी खरं दिलं नाही. "छे हो, सवय झाली," असं म्हणायचं, मिशीवरून हात फिरवायचा आणि गियर टाकायचा. विचारणाराही खूश व्हायचा. खरं सांगितलं असतं तर निम्मी गाडी वाईच्या स्टँडवरच रिकामी झाली असती.

आता गाडी चालवणं सुटलं, लायसन पेटीत जाऊन पडलं, आणि या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं घाटातले थरारक प्रसंग मागितले आहेत. घाटात थरारक काही नसतं. पहिला गियर, दुसरा गियर, परत पहिला गियर आणि मागं खिडकीतून डोकं काढून ओकणारी माणसं, याला घाट म्हणतात. तेव्हा मी एका वळणाबद्दल आणि माझी भीती घालवायला कंबर कसून निघालेल्या लोकांबद्दल लिहिणार आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. वयानं राग कमी होतो म्हणतात, पण माझा तसा काही अनुभव नाही.

जर्मनीच्या दुसऱ्या लढाईचा काळ होता. आमचे मालक सांगलीचे, जैन समाजातले, हळदीच्या धंद्यातून मोटारींच्या धंद्यात आलेले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची एक गाडी वाई ते पाचगणी घाटात चालायची आणि एक सांगलीहून जतला जायची. मी वाईचा, म्हणून घाटाची गाडी माझ्याकडं होती.

त्या गाड्यांत ड्रायव्हरशेजारी डाव्या हाताला एक सीट असे. तिच्यासाठी माणसं भांडायची. वारा लागतो, उलटी होत नाही, आणि ड्रायव्हरशी बोलता येतं म्हणून गावात मान वाढतो. सोमवारी मात्र तिथं रामभाऊ शिंपी बसणार हे ठरलेलं असायचं. पाचगणीच्या शाळांतल्या पोरांचे गणवेश ते वाईत शिवायचे आणि गठ्ठा मांडीवर घेऊन पोहोचवायला जायचे. माणूस बोलघेवडा. कोण कुठं पोक काढून चालतो, कोणाचा एक हात लांब आहे, सगळं त्यांच्या डोळ्यांत मापून ठेवलेलं असे. "गणपतराव, तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. गियरनं ओढलाय. तुम्हांला कोट शिवताना मी ते सांभाळून घेईन," असं ते दर सोमवारी म्हणायचे. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात पितळी टोपी घालतात, ती त्यांच्या बोटात कायमची असायची. अवघड वळण आलं की ते त्या टोपीनं पुढच्या पत्र्यावर टक टक टक असं वाजवायचे. गाडी मी चालवत असलो तरी वळण तेच घेताहेत असा त्यांचा थाट होता. मला त्याचा वैताग यायचा. "रामभाऊ, पत्रा भोसकाल," असं मी म्हणायचो आणि ते पुढच्या वळणावर परत वाजवायचे.

घाटात उंबराचं एक वळण आहे. वर जाताना डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला दरी. एका सोमवारी त्या वळणावर चढताना माझ्या गाडीचा मागचा ॲक्सल तुटला. इंजिन चालू, चाकं सुटी, आणि गाडी मागं घसरायला लागली. ब्रेक धरेनात. आमचा क्लीनर बाबूभाई मागच्या पायरीवर लाकडी ठोकळा घेऊन उभाच असायचा, त्यानं उडी मारून तो चाकामागं टाकला. चाक ठोकळ्यावरून उडून तसंच मागं गेलं. मला दोनच गोष्टी करता येत होत्या. दरीकडं जाऊ द्यायची, नाहीतर डोंगराला घालायची. मी डोंगराला घातली. मागचं चाक कडेच्या चरात गेलं, गाडी डावीकडं कलंडली आणि तोंडाचा डावा कोपरा कातळावर आदळला. मागच्या लोकांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. रामभाऊ जागच्या जागी गेले. गणवेशांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर तसाच होता.

चौकशी झाली. ॲक्सलचं लोखंड आतून आधीच चिरलेलं निघालं, कुणाला ते बाहेरून दिसलं नसतं. चौकशीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. आणि मग वाईत कृष्णेच्या घाटावर गावानं माझा सत्कार केला. हार, नारळ, भाषण. भाषण करणारे गृहस्थ म्हणाले, "यांनी प्रसंगावधान राखून सबंध गाडी वाचवली." सबंध! मी हार घालून उभा होतो आणि समोर रामभाऊंच्या आळीतली माणसंही टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

त्यानंतर माझं बिघडलं. घाट सुरू झाला की हाताला मुंग्या यायच्या, आणि उंबराचं वळण दिसलं की डावा पाय क्लचवर लाकडासारखा व्हायचा. पुढच्या सीटवर कुणी बसलेलं असलं तर बघायलाच नको. माझी मान आपोआप डावीकडं वळायची आणि रस्ता समोरच राहायचा. घरी बायको म्हणाली, "तुमी झोपेत बिरेक मारताय. माज्या नडग्या सुजल्यात." एवढी एकच गोष्ट मला तेव्हा कुणी खरी सांगितली.

बाकीच्यांनी उपाय सांगितले. मामांनी देवऋषी आणला, त्यानं लिंबू उतरवून माझ्याच गाडीखाली टाकलं आणि परत जायला गाडीत फुकट बसला. वैद्यांनी डोक्याला तेल दिलं, त्यानं उशी खराब झाली. शाळेतले गुरुजी म्हणाले, "मनावर घेऊ नका, विसरून जा." मला सांगा, एखादी गोष्ट विसरायची असं ठरवून आजपर्यंत कोण विसरलाय? ठरवताना ती आठवावीच लागते. पण गुरुजींशी वाद कोण घालणार?

अण्णांनी मला जतच्या लायनीवर घेतलं. मी सांगलीत बिऱ्हाड केलं. जतचा रस्ता म्हणजे सरळ कोरडी पट्टी. दोन्ही बाजूला पावसावरची ज्वारी, मधे रस्त्यावर बसलेली मेंढरं आणि माझ्या भोंग्याला कानडीत शिव्या देणारे मेंढके. वळण नावाची गोष्टच नाही. मी तिथं छान गाडी चालवत होतो. सगळे म्हणाले, गणपतराव बरे झाले. पाण्यापासून लांब ठेवलेला माणूस बुडत नाही, म्हणून त्याला पोहता येतं असं म्हणण्यातला हा प्रकार होता.

मग पेट्रोल मिळेनासं झालं. लढाईमुळं गाड्या कोळशाच्या गॅसवर चालवायला लागल्या. आजच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना थापा वाटतात. गाडीच्या पाठीला एक मोठं नळकांडं बसवलेलं असे, तीच भट्टी. तिच्यात लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा भरायचा, तेलकट चिंधीनं पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवत बसायचं. चांगला गॅस धरला की नळीच्या तोंडाशी काडी लावल्यावर निळी ज्योत यायची, मग गाडी सुरू. ड्रायव्हर, क्लीनर आणि पुष्कळदा नवरानवरीसुद्धा काळीठिक्कर होऊन उतरायची. सपाटीला ते कसंबसं चालायचं. चढाला गॅस कमी पडला की इंजिन धापा टाकायचं, आणि मग सगळ्या उतारूंना खाली उतरवून तेवढा चढ चालायला लावायचं, गाडी रिकामी वर न्यायची, ही पद्धतच होती. कुरकुरत का होईना, लोक उतरत.

अण्णांच्या दोन गाड्यांपैकी एकीच्याच पाठीवर भट्टी बसली. जतची लाईन बंद झाली. घाटाची राहिली, कारण पाचगणीला शाळा, साहेब आणि आजारी श्रीमंत माणसं होती. अण्णांनी मला पेढीवर बोलावलं.

"गणपा, आता घाट न्हाईतर घर. दुसरं माज्याकडं काय न्हाई," ते म्हणाले. "पर तसा सोडत न्हाई तुला. विश्रामबागेत येक डाक्टर आलाय. मनाचं मशीन दुरुस्त करतोय म्हनं. माज्या भाच्याची झोप उडाली व्हती, ती त्येनं आनली. जा तू."

गाडीत बिघाड झाला की मिस्त्रीकडं न्यायची हे मला कळत होतं. तेव्हा मनातही मिस्त्री असू शकतो यावर माझा विश्वास बसला. खरं सांगायचं तर मी फार आशेनं गेलो. धुतलेला सदरा घातला. बायकोनं निघताना देवापुढं दिवा लावला. माझा धंदा त्या माणसाच्या हातात होता. मला दुसरं काहीही येत नव्हतं.

सांगलीच्या विश्रामबागेतला तो बंगला चांगला हवेशीर होता. डॉक्टर मुंबईत शिकलेले, बोलणं मऊ, बोटं स्वच्छ. त्यांनी मला एका लांब आरामखुर्चीवर निजवलं आणि स्वतः माझ्या डोक्यामागं बसले. ड्रायव्हरला मागून बोलणारा माणूस म्हणजे भाडं वाढलं म्हणून तक्रार करणारा उतारू, दुसरं काही सुचतच नाही. ते म्हणाले, "अंग सैल सोडा. डोळे मिटा. आता एक शांत तळं डोळ्यांसमोर आणा." जतच्या रस्त्यावर इतके दिवस काढलेल्या माणसाला तळं कुठून दिसणार? मला कोरडी विहीर दिसली. तसं सांगितल्यावर त्यांनी "हं" केलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

"वडलांबद्दल सांगा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, घाटाबद्दल सांगतो."

"घाटाकडं आपण येऊ. आधी वडील."

आमचे वडील कासार होते. बायकांना बांगड्या भरायचे. दुसऱ्याचा हात हातात धरून, न दुखवता बांगडी चढवायची ज्याला जन्मभराची सवय, त्याचा आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला एकदाही मारलं नाही. हे मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे त्यांच्याबद्दलचा राग तुम्ही खोल दाबून टाकलेला आहे." मी म्हटलं, राग नाहीच. ते म्हणाले, "तेच म्हणतो मी." आता याच्यापुढं माणसानं काय बोलावं? असं बोलणाऱ्या उतारूला मी ओझर्ड्याच्या फाट्यावर उतरवून दिला असता.

तरी मी जात राहिलो. गरज मला होती. वडील झाले, आई झाली, लहानपणी विहिरीत पडलेली मांजर झाली. शेवटी एका दुपारी, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून रामभाऊंचं नाव गेलं. गठ्ठा, पितळी टोपी, कोट, सगळं यायला लागलं. मी डोंगराला गाडी घातली, आणि डोंगर त्यांच्या बाजूला होता, हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. मला रडू फुटलं. मोठा माणूस हुंदके देत होता आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यामागं घड्याळाचं झाकण मिटल्याचा आवाज आला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आजची वेळ संपली. पुढल्या खेपेला इथूनच सुरुवात करू."

बाहेर दुसरा पेशंट टोपी हातात घेऊन उभा होता. मी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत त्याच्या समोरून बाहेर आलो. त्या कंपाउंडबाहेर रस्त्यावर मी जेवढा एकटा होतो तेवढा दरीच्या कडेलाही नव्हतो.

पुढल्या खेपेला मी गेलो. आडवा झालो. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "हं, तर तुमचे वडील बांगड्या विकत."

मी उठलो, वहाणा घातल्या. ते मागून दारापर्यंत आले. बहुतेक त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते घाईघाईनं म्हणाले, "अहो, निदान एवढं करा. घाबरायला झालं की श्वास घ्यायच्या मागं लागू नका. सोडायचा बघा. सावकाश, लांब, फुंकल्यासारखा." मी मागं वळून बघितलं नाही. आणि चीड कसली येते सांगू? सबंध उपचारांत तेवढी एकच गोष्ट पुढं उपयोगी पडली, आणि ती त्यांनी मी निघून जाताना दारात सांगितली.

अण्णांना मी सांगितलं, झालो बरा. दुसरं काय सांगणार? बिऱ्हाड परत वाईला आणलं आणि कोळशाची गाडी घेऊन घाटात गेलो.

पहिल्याच दिवशी उंबराच्या वळणाखाली गाडीनं खरोखर दम सोडला. बाबूभाईनं सगळ्यांना उतरवलं. माणसं चढ चालायला लागली, गाडी रिकामी झाली, पुढच्या सीटवर कुणी नाही, आणि मी ती भट्टी फुरफुरवत वळण पार करून वर आलो. पाय चालला. मला वाटलं, सापडलं औषध!

दुसऱ्या दिवशी गॅस भरपूर होता. मी वळणाखाली गाडी थांबवली आणि ओरडलो, "गॅस संपला, उतरा!" बाबूभाईनं मागून येऊन भट्टीवर हात धरला, माझ्याकडं बघितलं आणि लोकांचं सामान उतरवायला लागला. तेव्हापासून रोज तेच. शिवाय पुढच्या सीटवर मी कोळशाचं एक जादा पोतं ठेवून दिलं, म्हणजे मुळात कुणी तिथं बसायलाच नको. मानाची सीट पोत्याला मिळाली म्हणून काय काय ऐकून घेतलं! एक पेन्शनर अव्वल कारकून पोत्याकडं बोट दाखवून विचारायचे, "यांनी तिकीट काढलंय का?" दुसऱ्या एकानं पोत्याला टोपी घातली. लोक चढ चालताना मला ऐकू येईल असं बोलायचे. मी काच लावून घ्यायचो.

पण लोक काही आंधळे नसतात. गॅस रोज त्याच उंबराखाली कसा संपतो, आणि वळण झालं की परत कसा येतो, हे अण्णांच्या कानावर गेलं. ते सांगलीहून वाईला आले.

"गणपा, गॅसला काय उंबराचं झाड दिसतंय व्हय रं?" ते म्हणाले. "मी तुला सोडत न्हाई म्हनलो व्हतो. पर मान्सं चालत जायाची तर गाडी कशाला पायजे? दिवाळी हून दे. मग दुसरा डायवर बघतो. तुजं तूच सांग बाबा, हुतंय का न्हाई?"

मी म्हटलं, "होतंय." खोटं बोलायची तोवर सवय झाली होती.

त्याच आठवड्यात हौसाबाई गाडीत चढली. घाटाच्या वरच्या एका वाडीतली म्हातारी, वाईच्या बाजाराला आलेली. पाटीत मीठ, रॉकेल आणि एक कोंबडी. मागं बसलं की तिला मळमळायचं. ती सरळ पुढं आली, पोत्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोन पावना?"

"कोळसा आहे, आजी. मागं बसा."

"कोळसा बसतोय आन् मी हुबी ऱ्हाऊ व्हय?" असं म्हणून तिनं पोतं ढकललं. ते दारातून खाली पडलं, फुटलं आणि स्टँडवर कोळसाच कोळसा झाला. मागचे लोक हसायला लागले. म्हातारी सीटवर मांडी घालून बसली, कोंबडी मांडीवर घेतली आणि पुढं बघायला लागली. मी बाबूभाईकडं बघितलं. तो कोळसा गोळा करत होता आणि त्याच्याही मिशीत हसू होतं.

उंबराच्या वळणाखाली मी गाडी थांबवली. "गॅस संपला, उतरा!"

सगळे उतरले. पुटपुटत, शिव्या देत, पण उतरले आणि चालायला लागले. हौसाबाई हलली नाही.

"आजी, उतरा. गॅस नाही."

"माजं गुडगं गेल्यात. मी न्हाई उतरत."

"गाडी ओढत नाही, आजी."

"मग ऱ्हाऊ दे. गॅस आला की ने. मला काय घाई हाय?" तिनं कमरेची डबी काढली आणि दातांना मिशरी लावायला लागली.

वर लोक वळणापलीकडं जाऊन थांबले होते आणि हाका मारत होते. बाबूभाई ठोकळा घेऊन मागं उभा. गाडीचं इंजिन छान घुमत होतं, गॅस इतका होता की बोनेट थरथरत होतं. माझ्या हाताला मुंग्या, पाय लाकूड, आणि डाव्या हाताला नको तिथं माणूस. मी तिला समजावलं, विनवलं, हात जोडले. ती मिशरी घासत राहिली. शेवटी माझा सगळा धीर सुटला आणि मी तिच्या अंगावर ओरडलो, "अगं बाई, तू बसलीस ना, तिथं बसलेला माणूस इथं मेलाय! या इथं! माझ्या गाडीत!"

ती मिशरी घासायची थांबली. सीट चाचपली. आता उतरेल असं मला वाटलं.

"कोन व्हता?" तिनं विचारलं.

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सत्कार करणाऱ्यांनी नाही, देवऋष्यानं नाही, विश्रामबागेतल्या डॉक्टरांनीही नाही. त्यांनी माझ्या वडलांबद्दल विचारलं होतं.

"रामभाऊ," मी म्हटलं. "वाईचे शिंपी."

"पोरं-बाळं?"

"दोन मुली. लग्नं झालेली."

"कसा व्हता?"

मी तिला पितळी टोपीचं सांगितलं. पत्र्यावर कसं वाजवायचे ते बोटानं वाजवून दाखवलं. कोटाचं सांगितलं. तिनं माझ्या खांद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खरंच की रं. योक खाली हाय."

मग ती म्हणाली, "आन् तू हितनं रोज मुकाट्यानं जातोस?"

"मग काय करू?"

"माजा थोरला बांधावर जाळलाय. मी जाता-येता हाक मारती, आलू बरं का रं बाळा म्हनती. आपल्या मानसापशीनं गप जायाला आपुन काय चोर हाय व्हय?" तिनं कोंबडी नीट धरली. "सांग त्येला, आलो म्हून. आन् चल आता. माजी शेरडं वरडत असतील."

मला वाटतं, मी त्या वेळी तिच्यावर चिडलेलाच होतो. सगळ्या दुनियेवर चिडलो होतो. त्या चिडीतच मी भोंग्याचा रबरी फुगा तीनदा दाबला. पों, पों, पों. त्यांच्या टक टक टक इतक्याच अंतरानं. आणि म्हटलं, "रामभाऊ, आलो."

श्वास लांब सोडला, फुंकल्यासारखा. क्लच सुटला. गाडी हलली.

कुणाला वाटेल, म्हातारी देवासारखी शांत बसली असेल. अजिबात नाही. गाडी वळणात तिरपी झाली आणि दरी दिसली तशी तिनं माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि ओरडली, "आरं हळू की मुडद्या, मारतोस काय मला!" कोंबडी सुटून माझ्या पायांत आली. मी रामभाऊंना आलो म्हणतोय, म्हातारी मला मुडद्या म्हणतेय आणि कोंबडी क्लचवर, असं करत आम्ही ते वळण पार केलं. वर लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचा मला राग आला नाही.

त्यानंतर पोतं परत सीटवर गेलं नाही. दिवाळी गेली, अण्णांनी दुसरा ड्रायव्हर बघितला नाही. पण मी बरा झालो असं कुणी समजू नये. भीती गेली नाही. बिनतिकिटाच्या उतारूसारखी ती रोज वाईला चढायची आणि पाचगणीला उतरायची. मला फक्त तिला घेऊन गाडी चालवायला जमायला लागलं. वळणाच्या आधी डावीकडं एकदा नीट बघायचं, कोण बसलंय त्याचं नाव मनात घ्यायचं, म्हणजे मान आपोआप वळत नाही. काच उघडी टाकायची. तीन भोंगे द्यायचे, आलो म्हणायचं, श्वास सोडायचा. ज्या दिवशी हेही पुरायचं नाही त्या दिवशी बाबूभाईला मोठ्यानं हाक मारून काहीतरी विचारायचं. तो मागून काहीतरी उत्तर द्यायचा, बहुतेक शिवीच. एवढीच माझी विद्या. ती कुणी शिकवली नाही, आणि ज्यांनी शिकवायचा आव आणला त्यांच्यावर माझा राग का आहे ते आता लक्षात आलं असेल.

हौसाबाई नंतरही पुष्कळदा आली. एकदा अण्णा गाडीत असताना तिनं तक्रार केली की ह्यो डायवर भोंगा लय वाजवतो, कोंबड्या बिचकत्यात.

आणखी एकजण आले. लढाई संपली, पेट्रोल मिळायला लागलं, भट्टी निघाली. एका उन्हाळ्यात ते विश्रामबागेतले डॉक्टर हवा खायला पाचगणीला निघाले आणि नेमके पुढच्या सीटवर येऊन बसले. मला ओळखलं. मागच्या गृहस्थांकडं वळून मोठ्या आनंदानं म्हणाले, "हे माझे पेशंट! घाट चढवत नव्हता यांना. आता बघा." मी गियर टाकला. वळण आलं, मी तीन भोंगे दिले. त्यांनी विचारलं, "समोरून गाडी येतेय का?" मी म्हटलं, "येत असेल." त्यांना रामभाऊंबद्दल सांगावं असं एकदा वाटलं. पण त्यांनीच म्हटलं होतं की पुढल्या खेपेला इथूनच सुरुवात करू, आणि ते विसरले होते. पाचगणीला उतरताना त्यांनी माझा खांदा थोपटला. खाली आलेला, डावा.

पुढं गाड्या सरकारी झाल्या. नवी पोरं आली, त्यांतल्या काहींना शेजारी बसवून घाट मीच शिकवला. कुठं गियर बदलायचा, कुठं दम घ्यायचा ते सगळं सांगितलं. उंबराच्या वळणाबद्दल मात्र काही सांगितलं नाही. ते माझं खासगी होतं. रामभाऊंच्या आळीतूनही मी कित्येक वर्षं गेलो नाही, वाट वाकडी करून जायचो. ते आता भरून निघणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पाचगणीला गेलो, तिकीट काढून. गर्दी होती, पण म्हातारा म्हणून कंडक्टरनं मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी त्या सीटवर कधीच बसलो नव्हतो. ड्रायव्हर तरणा, माझ्या ओळखीचा नाही. गियर उशिरा बदलत होता. उंबर आता राहिलेला नाही, रस्ता रुंद करताना तोडला. पण वळण आहे. रस्ता वरपर्यंत मोकळा दिसत होता, समोर गाडी ना बैलगाडी. आणि त्या पोरानं हॉर्नवर तळवा ठेवला आणि तीनदा वाजवलं.

मी विचारलं, "समोर कोण नाही. कशाला वाजवलास?"

"हितं वाजवायचंच असतंय, आबा," तो म्हणाला. "लायनीचा नेम हाय."

"कुणी घातला?"

"काय म्हाईत. पयल्यापास्नं हाय. माज्या वस्तादानं सांगितलं, त्येला त्येच्या वस्तादानं. कोन म्हनतं हितं देव हाय, कोन म्हनतं आनि काय. पर समदी वाजवत्यात."

मी त्याला सांगायला तोंड उघडलं. मग सांगितलं नाही. डाव्या हाताला कातळ अगदी जवळून जात होता. मी बोट पुढच्या पत्र्यावर टेकवलं आणि म्हटलं, "रामभाऊ, आलो."